आमचे व्याही आणि केळ्याचं धिरडं

२०२२ साल होतं, मला एकाहत्तर पुरी झाली होती, आणि तोवर माझ्यापेक्षा हट्टी माणूस भूम तालुक्यात तरी मला भेटला नव्हता. तालुक्याबाहेर मात्र एक होता, नळदुर्गाला. ते आमचे व्याही, माझ्या धाकट्या लेकीचे सासरे. असा माणूस देवानं एकच घडवला असणार, कारण दुसरा घडवायला त्याच्यापाशी धीर उरला नसणार. चाळीस वर्षं त्यांनी हैदराबादच्या रस्त्यावर ढाबा चालवला. ट्रकवाला पंजाबचा असो नाहीतर मद्रासचा, गाडी लावून खाली उतरला की त्याची चावी हे आपल्या गल्ल्यात टाकायचे, आणि दोन रोट्या जास्त खाल्ल्याशिवाय ती परत द्यायचे नाहीत. एका सरदारजीनं म्हणे हात जोडले, माल लवकर पोचवायचाय म्हणाला. व्याही म्हणाले, "माल थांबंल, पोट थांबत न्हाय. बस." आणि तो सहा फुटी गडी मुकाट्यानं बसला.

पुढं त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरनं तेल बंद केलं, तूप बंद केलं, मैदा बंद केला, आणि ढाब्यावर जायचंच बंद केलं. दुसरा कुणी असता तर अंथरूण धरून बसला असता. ह्यांनी ढाबा आपल्या लेकाच्या, म्हणजे आमच्या जावयाच्या ताब्यात दिला आणि विहीणबाईंच्या ताब्यातलं स्वयंपाकघर काढून घेतलं. विहीणबाई मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं हे घरात दिसले न्हाईत, अन् आता गॅसपसून हालत न्हाईत. म्या कुठं जावं?" ढाबा सुटला होता, खाऊ घालायची खोड सुटली नव्हती. मोबाईलवर कुठंतरी त्यांनी ओट्सचे आणि केळ्याचे पॅनकेक बघितले, त्यात साखर नाही, मैदा नाही, तेल नावाला, आणि तेव्हापासून नळदुर्गात कुणाची धडगत राहिली नाही. पंक्चरवाला, पोस्टमन, जनावरांचा डॉक्टर, सगळ्यांना त्यांनी ते खाऊ घातलं. कुणी "छान झालंय" म्हणायला तोंड उघडलं की हात वर करायचे. "आत्ता सांगू नका. दोन तासांनी पोट काय म्हणतंय ते सांगा." आणि दोन तासांनी खरंच पंक्चरच्या दुकानात जाऊन उभे राहायचे. बाजारात केळी घ्यायची तर काळे डाग पडलेलीच. पिवळीधमक केळी बघून म्हणायचे, "ही अजून कच्च्या अकलेची हाईत." फळवाला फेकायला काढलेला घड त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा आणि मनातल्या मनात ह्यांना दुवा द्यायचा.

मी त्याला केळ्याचं धिरडं म्हणायचो, त्याचा त्यांना राग यायचा. पण त्यांचा खरा राग माझ्या नेमावर होता. आमच्याकडं जुनी रीत आहे, लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही. माझ्या वडिलांनी बहिणीच्या बाबतीत ती पाळली, पाणीसुद्धा घरनं न्यायचे. मी तिसरी शिकलेला माणूस, पण एकदा तोंडातनं गेलेला शब्द मी कधी मागं घेतला नाही. लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. म्हणून आमच्या ईट गावाहून एसटीनं लेकीकडं जाताना भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याची बाटली माझ्याबरोबर असायची. दुपार झाली की त्यांच्या दारासमोरच्या कट्ट्यावर कडुलिंबाखाली बसायचो, फडकं सोडायचो, जेवायचो, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. व्याही माझ्या शेजारी येऊन उपाशी बसायचे. "अख्ख्या हायवेला खाऊ घातलं म्या," म्हणायचे, "अन् घरचा व्याही दारात बसून वाळकी भाकर मोडतोय. लोकांनी काय म्हणावं?" मी म्हणायचो, "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. नेम म्हंजे नेम."

झालं. पॅनकेक हाती लागल्यापासून माझा नेम मोडायचा त्यांनी विडाच उचलला. एकदा माझ्यासमोर बोटं मोजत बसले. "केळं हे फळ. फळ उपासाला चालतं का न्हाय? चालतं. दूध चालतं का? चालतं. ऱ्हायलं ओट्स. ते तुमच्या रानात पिकतं का? तुमच्या वडलांनी जल्मात बघितलं होतं का? मग त्यांच्या नेमात ते बसंल कसं?" मी म्हणालो, "कुठंतरी पिकतं, कुठंतरी दळतं, म्हंजे अन्नच की." ते तडक तुळजापूरला गेले. तिथल्या ओळखीच्या पुजाऱ्याला आधी पॅनकेक खाऊ घातला आणि मग विचारलं, ओट्स हे अन्न आहे का? पुजारी भला माणूस. म्हणाला, असलं धान्य काही आमच्या ऐकिवात नाही. एवढं ऐकून व्याही पहिल्या गाडीनं परत आले आणि मला फोन लावला. "देवीच्या दारातनं परवानगी आणलीय!"

"परवानगी कसली? त्यांना ठाऊक न्हाय एवढंच ते म्हणाले."

"तेच की! त्यांना ठाऊक न्हाय म्हंजे नेमात न्हाय."

बरं, एवढी परवानगी आणून पॅनकेक तरी धड व्हावा? तेही नाही. चाळीस वर्षं ज्या हातानं भट्टीच्या जाळावर रोट्या काढल्या, त्या हाताला बारीक आच म्हणजे अपमान वाटायचा. पीठ तव्यावर पडलं की बटण मोठं व्हायचंच. वरनं कोळसा, आतनं लापशी. उलटायला जावं तर अर्धं उलथन्याला, अर्धं तव्याला. मी कट्ट्यावरनं हसायचो. ते खिडकीतनं ओरडायचे, "जाळ मोठा झाला, दुसरं काय न्हाय!" सहा महिने प्रत्येक खेपेला जाळच मोठा झाला. मग एक दिवस त्यांनी बटण बारीकवर आणून सुतळीनं बांधून टाकलं. दोन दिवस विहीणबाईंना भाकरी करता आली नाही, पण सुतळी सुटली नाही.

त्या साली दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा त्यांनी लहान शेगडीच कट्ट्यावर आणून मांडली होती. म्हणाले, "आज घरात न्हाय, तुमच्या जागेवर करतो." ओट्स मिक्सरमधनं पिठासारखं काढून आणलं होतं. दोन डागाळलेली केळी हातानं कुस्करली, त्यात ते पीठ, बेतानं दूध, चिमूटभर मीठ, बोटावर घेऊन दालचिनी. दहा मिनिटं झाकून ठेवलं. म्हणाले, "ह्याला फुगाय वेळ द्यावा लागतो. ही अक्कल मला लई उशिरा आली." तवा नुसता तेलाच्या फडक्यानं पुसला आणि पळीभर पीठ मधोमध सोडलं. पसरवलं नाही. वर बारीक भोकं पडेस्तोवर हात मांडीखाली दाबून बसले. मग काठ सुटलेला बघून उलथनं घातलं, आणि खालची बाजू अशी वर आली, विटकरी रंगाची, कुठं डाग म्हणून नाही.

ताटली माझ्यापुढं सरकवली. मी आपलं फडकं सोडायला घेतलं होतं. म्हणालो, "व्याही, कशाला जिवाचा आटापिटा करता? माझी भाकर हाय."

ते पुढं वाकले. त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "समोरच्या दारात बाया येऊन उभ्या ऱ्हात्यात, बघितल्यात कधी? तुमच्या भाकरीकडं न्हाय बघत त्या. माझ्या सुनेच्या पोटाकडं बघत्यात. तुम्ही फडकं सोडलं की सगळ्या आळीला परत एकदा सांगता तुम्ही. अन् तुमची भाकर संपस्तोर ही पोर आत मोरीत तोंड धूत बसती. नऊ वर्षं."

मी मान वर केली. समोरच्या दारात खरंच दोघी होत्या. आणि व्याह्यांच्या दारात लेक उभी होती, चेहरा ओला. ती आधी सासऱ्यांना, मग मला म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या ना. आबा, तुम्ही भाकर खावा. ऊन झालंय." तिच्या बोलण्यात राग असता तर मी अजून पंचवीस वर्षं तो नेम चालवला असता. राग नव्हता.

व्याह्यांनी लगेच घसा खाकरला आणि आवाज पहिल्यासारखा चढवला, समोरच्या दारापर्यंत जावा असा. "फळ हाय हे! पुजाऱ्याला इचारून आलोय. तुमच्या नेमाला धक्का न्हाय. खावा!"

मी खाल्लं. मऊ होतं, गोड होतं, केळ्याचा वास आणि मागनं दालचिनी. एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं मागून घेतलं. व्याही डोळे फाडून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, "मीठ जरा कमी हाय." त्यावर ते एवढे हसले की डॉक्टरनं बघितलं असतं तर ओरडला असता. त्या संध्याकाळची गाडी मी सोडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या घरी मुक्काम केला.

आता व्याही थकलेत. तव्यापुढं फार वेळ उभं राहवत नाही, स्टूल घेऊन बसतात. लेकीला मूल झालं नाही, आता होईलसं वाटतही नाही, आणि त्या घरात त्यावर कुणी बोलत नाही. मी कधी एकटा बसलो की मला त्यांचं नवल वाटतं. दळलेलं धान्य म्हणजे अन्न, हे चाळीस वर्षं ढाबा चालवलेल्या माणसाला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. मला मान खाली न घालता आत येता यावं म्हणून हा माणूस सहा महिने तवे जाळत बसला होता. मी त्यांना हे कधी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी विषय मिठावर नेला असता.

त्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही फिरायला गेले होते. मी स्वयंपाकघरात गेलो. गॅसच्या बटणाची सुतळी सोडून लेक परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. मी पाट ओढून तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "सुवर्णे, मला दोन भाकरी टाक." तिचा हात थांबला. मग तिनं मान वर न करता भाकर थापायला घेतली. पहिलीच काठाला चिरली. "दुसरी देते आबा, ही फाटली," ती म्हणाली. मी ताट पुढं केलं आणि म्हणालो, "तीच दे."