सातची नोंद

मला राग लवकर येतो, आणि आला की तो रास्तच आहे अशी माझी लगेच खात्री होते. हा स्वभाव बरोबर घेऊनच मी भूजलावर संशोधन करायला निघाले होते. आता नगरच्या एका कॉलेजात शिकवते, मुलांच्या क्षेत्रकामाच्या वह्या तपासते. मुलं आपापसांत म्हणतात की मॅडम आकड्यांपेक्षा वेळेचा रकानाच जास्त बघतात. बघते खरी. त्याला कारण आहे.

विषय तसा साधा होता. पाथर्डीच्या पूर्वेला एका गावात ओढ्यावर सिमेंटचा नवा बंधारा झाला होता. त्याच्यामुळे जवळच्या विहिरींचं पाणी जास्त दिवस टिकतं का, एवढंच शोधायचं होतं. मी दोन विहिरी निवडल्या. एक बंधाऱ्याच्या लगेच खाली, दुसरी गावाच्या पलीकडे शाळेमागे, जिचा बंधाऱ्याशी संबंध येत नव्हता. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात वाजता कठड्यावरच्या लाल खुणेपासून टेप खाली सोडायचा, पाणी किती खोल लागतं ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. मी राहणार नगरला, एसटीने महिन्यातून एकदोनदा फेरी मारणार. म्हणजे मोजणारं माणूस गावातलंच हवं होतं.

शाळेमागची विहीर गुरुजींनी घेतली. त्यांचा थोडा मळा त्याच विहिरीवर होता. बंधाऱ्याखालची विहीर तिघा भावांत सामाईक होती. त्यांतल्या धाकट्याची बायको स्वतःहून पुढे आली. "मी मोजते की. त्यात काय हाय एवढं," म्हणाल्या. चाळिशीच्या असतील. शाळा सातवीपर्यंत झालेली, अक्षर माझ्यापेक्षा नीट. मी त्यांना मावशी म्हणायला लागले आणि त्या मला ताई.

वह्या मी नगरहून छापून नेल्या होत्या. त्यांचा मला केवढा अभिमान! तारीख, वेळ, खोली, सही, असे चार रकाने. वेळेच्या रकान्यात प्रत्येक ओळीला 'सकाळी ७' असं आधीच छापून घेतलेलं, म्हणजे कुणी सव्वासात, साडेसात असा घोळ घालायला नको. मावशींना मी बजावलं होतं, "छापलेल्यावर काही लिहायचं नाही, खाडाखोड करायची नाही. मला वही स्वच्छ पाहिजे."

"न्हाई करायची," त्या म्हणाल्या. पेन त्यांनी देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवलं.

दिवाळीनंतर त्या भागातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. मावशीही दर वर्षी नवऱ्याबरोबर राहुरीकडे, देवळाली प्रवराच्या शिवारात जायच्या. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा, आणि पैसेही अर्धेच. त्या वर्षी मुकादम आला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, मी येत नाही, नोंदी तुटतील. नवरा एकटा गेला. शेत बघायला मागे थोरले दीर होते, ते दर वर्षी असायचेच. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, बाईंना ऊसतोडीचा कंटाळा आला असेल.

माघात मी दोन्ही वह्यांचे आकडे आलेखावर चढवले. मावशींची रेघ हळूहळू उतरत गेलेली, अगदी नितळ. गुरुजींची रेघ करवतीच्या दात्यांसारखी, काही दिवस खाली, काही दिवस वर. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मावशींच्या कागदावर टिचकी मारली.

"निसर्ग इतका शहाण्यासारखा वागत नाही," ते म्हणाले. "बाई घरात बसून आकडे लिहीत असतील. जाऊन बघ एकदा, न सांगता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरांवर नव्हे, मावशींवर. पुढच्या बुधवारी मी पाथर्डीला मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि गुरुवारी सकाळी तिची स्कूटी घेऊन सात वाजायच्या आत विहिरीवर पोहोचले. टेप सोडला. पाणी पार तळाला गेलेलं, मागच्या फेरीत वहीच्या पानांचे फोटो काढले होते त्यांतल्या शेवटच्या आकड्यापेक्षा कितीतरी खाली. मोटारीच्या पाइपाच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं. ते मी पाहिलं. इतक्या वर्षांनी सांगते, ते थेंब मी चांगले बघितले आणि माझ्या डोक्यात काहीही शिरलं नाही. मी आठपर्यंत थांबले. मावशी फिरकल्या नाहीत.

तिथून तडक शाळेत गेले आणि गुरुजींकरवी त्यांना निरोप धाडला. त्या वही पदराखाली धरून आल्या. मला पाहून हसल्या. शाळेच्या ओट्यावर गुरुजी होते, खिचडी शिजवणाऱ्या बाई तांदूळ निवडत होत्या आणि शाळा समितीचे एक म्हातारे सदस्य बसले होते. मी मावशींना बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. नाही घेतलं.

"आज सात वाजता तुम्ही विहिरीवर होता का?"

"न्हाई, ताई. ईर दम खात हुती. म्हनलं जरा येळानं जावं."

"विहीर दम खात होती?" मी गुरुजींकडे बघून हसले. ते हसणं मला अजून विसरता येत नाही. "मग वहीत सगळीकडे सात कसे?"

"सात तर तुमीच—"

"मी सांगितलं म्हणूनच विचारतेय. सात वाजता मोजता का तुम्ही? हो की नाही, एवढंच सांगा."

"सात वाजता न्हाई मोजत रोज. पन ऐका तर..."

मी ऐकलं नाही. त्यांच्या हातातून वही घेतली, शेवटच्या लिहिलेल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल पेनाने रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'नोंदी विश्वासार्ह नाहीत.' ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. टेप त्यांच्याकडून मागवून गुरुजींकडे दिला आणि दोन्ही विहिरी गुरुजींनीच मोजाव्यात असं ठरवून टाकलं. मावशी ओट्याच्या पायरीवर उभ्याच होत्या. वही मी परत दिली तेव्हा त्यांनी ती घेतली आणि म्हणाल्या, "बरं, मॅडम."

ताईची मॅडम झाले. ते मला एसटीत बसल्यावर जाणवलं, पण राग ओसरला नव्हता, त्यामुळे बरंच झालं असं वाटलं.

नंतरचा दीड महिना मी गुरुजींच्या करवतीमागे घालवला. पाणी दर काही दिवसांनी खाली का जातं आणि परत वर का येतं, यावर मी पानंच्या पानं लिहिली. हवेचा दाब, खडकातल्या भेगा, बंधाऱ्यापासून लांब असल्याचा परिणाम. पुस्तकं उपसली. सर खूश होते. गुरुजींच्या ताब्यात आल्यापासून मावशींच्या विहिरीची रेघही दाते दाखवायला लागली होती. आमची तर खात्रीच पटली, आता कुठे खरे आकडे यायला लागले म्हणून.

मग एका रविवारी देवळालीहून माझे मामा आले. मामांचा ऊस आहे, आणि वाचायला समोर काही आलं की ते वाचतात, लग्नपत्रिका असो की औषधाचं खोकं. चहा पिता पिता त्यांनी टेबलावरचा आलेख उचलला.

"हे काय गं?"

"विहिरीचं पाणी. सकाळी सातचं."

"मग बरोबर हाय. ह्या रातच्या लाईटच्या पाळ्या, आन ह्या दिवसाच्या." त्यांनी दात्यांवर एकेक करून बोट ठेवलं. "रातच्या लाईटीत मोटार पहाटपर्यंत चालती. सातला ईर रिकामीच असनार. दुपारपातूर भरती परत. ह्यात शिकन्यासारखं काय हाय?"

शेतीची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पेपरात वाचलेलं होतं. पण माझ्या संशोधनात वीज नव्हतीच, त्यात फक्त पाणी, खडक आणि बंधारा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या भागाच्या वीज उपकेंद्रात गेले आणि तिथून पाळ्यांचं वेळापत्रक उतरवून आणलं. गुरुजींच्या प्रत्येक दात्याखाली रात्रीची पाळी निघाली. मग मावशींच्या वहीच्या पानांचे मोबाईलमध्ये काढलेले फोटो उघडले. काही आकड्यांच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक टिंब होतं. आधी मला ती पेनाची गळती वाटली होती. टिंबं मोजत गेले. ती फक्त रात्रीच्या पाळीच्या दिवशी होती, दिवसाच्या पाळीला एकही नाही. छापलेल्यावर लिहायचं नाही असं मी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी बाजूला खूण केली होती. ज्या दिवशी सातचं पाणी खरं नसे, त्या दिवशी त्या विहीर भरेपर्यंत थांबत आणि मगच मोजत. माझ्या संशोधनात एकच माणूस विहिरीचं खरं पाणी मोजत होतं, आणि त्याच माणसाला मी चारचौघांत खोटं ठरवलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. लाज वाटत होती, साधी सरळ लाज.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. "म्हणजे लिहिलेली पानं काढावी लागणार," एवढंच म्हणाले. पानं मी काढली. त्याचं मला काही वाटलं नाही.

चैत्रात मी गावी गेले. मावशी खुरपणीवरून परतत होत्या. मी रस्त्यातच सगळं सांगितलं, हात जोडले, चुकलं म्हणाले. त्यांनी खुरप्याला लागलेली माती झटकली.

"माज्यासंगं बोलून काय उपेग, मॅडम? मला ठावंच हुतं." थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "यंदा मी उसाला गेले न्हाई. लोक इच्यारत्यात, कागदं खोटी केली म्हनून काडलं का तुला? शाळंत वाचलं न्हवं तुमी मोठ्यानं? मग तितंच बोला."

"बोलते. आत्ता चला."

"आत्ता न्हाई. उद्या गुरुवार हाय, आन रातचीच लाईट हाय. सकाळी सातला ईरीवर या. आदी मोजा, मग बोला."

मी पाथर्डीला राहिले आणि सातला हजर झाले. मावशी आधीच आलेल्या, लिंबाखाली बसल्या होत्या. पाणी तळाला होतं. पाइपातून थेंब गळत होते. त्या दिवशी सकाळपासून आम्ही दर अर्ध्या तासाला टेप सोडला. कपारीतून पाझर येत होता, आवाजसुद्धा ऐकू येत होता, आणि पाणी बोटाबोटाने चढत होतं. मावशी माप सांगण्यापुरतंच बोलत होत्या. एकदा मला भाकरी आणि ठेचा दिला. अकराला मोजलं आणि साडेअकराला मोजलं, माप एकच आलं.

"आता झाला तिचा दम," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

शाळा सकाळची होती, पोरं नुकतीच सुटली होती. गुरुजी कुलूप शोधत होते. खिचडीवाल्या बाई पातेलं घासत होत्या. ते म्हातारे सदस्य ओट्यावर नव्हते. मावशी म्हणाल्या, त्यांना बोलवा, तेबी हुते त्या दिवशी. आम्ही थांबलो. ते काठी टेकत आले, मग मी ओट्यावर उभी राहून बोलले. बाईंच्या नोंदी खऱ्या होत्या, चूक माझी होती, मी त्यांचं ऐकून घेतलं नाही आणि तुमच्यासमोर त्यांना खोटं म्हणाले. पहिल्यांदा आवाज बारीकच निघाला. मी थांबले आणि पुन्हा मोठ्याने बोलले, कारण मागच्या वेळी माझा आवाज चांगला खणखणीत होता.

गुरुजी खाली बघत म्हणाले, "रातच्या पाळीचं मला माहीत होतं, मॅडम. पण तुम्ही सात म्हणालात, म्हणून मी सात." त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

मावशींनी पदराखालून वही काढली. लाल रेघेचं पान बरोबर उघडलं. कोनाड्यातलं तेच पेन माझ्यापुढे धरलं.

"हितं लिवा. आत्ता बोलला ते."

लाल अक्षरांच्या खाली मी लिहिलं, 'वरील शेरा चुकीचा आहे. सर्व नोंदी खऱ्या आहेत.' सही केली, तारीख घातली.

"येळ?"

घड्याळात पाहिलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. अकरा पन्नास, असं लिहिलं. त्यांनी वही हातात घेतली, ओळ बोटाने वाचत गेल्या आणि मग त्या पानावरच्या पहिल्या टिंबावर येऊन थांबल्या. आकड्याच्या अलीकडे माझं छापील 'सकाळी ७' होतं.

"हे सात खोडा आता, ताई," त्या म्हणाल्या. "मला खाडाखोड करायची न्हाई, म्हनला हुता."