भावकी चौथ्या घरी अडकली तेव्हा

मांडवगणात पाडव्याच्या सकाळी भावकी फराळाला निघते. म्हणजे भावकीतले सगळे पुरुष, काठी टेकणाऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, ओळीनं एकेका घरी. ओसरीवर बसायचं, मध्ये ठेवलेल्या परातीतला फराळ खायचा, चहा घ्यायचा आणि पुढच्या घरी. आमचं घर पाचवं. पाचव्या घरापर्यंत करंजीचं नावही कुणाला नको असतं, पण आमच्या चकलीसाठी सगळे पोटात जागा राखून येतात. कारण माझ्या सासूबाईंचा नियम. बाकीचा फराळ कधीही करा, भावकीची चकली मात्र पाडव्याच्या सकाळीच तळायची आणि कोमट असतानाच परातीत ठेवायची.

मी दौंडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडं फराळाची झाकलेली ताटं शेजारी पोचवली की दिवाळी झाली. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला वीस पुरुष एकदम ओसरीवर येऊन बसले तेव्हा मला वाटलं, काहीतरी भांडण झालंय. पुढच्या सहा वर्षांत मी लाडू वळले, शंकरपाळ्या कापल्या, चिवडा हलवून हलवून दंड भरून आले, पण सोऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती. "ऱ्हाऊ दे, तुला न्हाई जमायचं," सासूबाई म्हणायच्या. रागानं नाही, अगदी प्रेमानं. तेच जास्त झोंबायचं. मला एकच हवं होतं. भावकीसमोर एकदा तरी कुणीतरी म्हणावं, या हिच्या चकल्या.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर सासूबाई गोठ्यात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटून झाल्यावर आनंदही झाला.

पाडव्याला उजाडताच मी चूल पेटवली. परात सजवून तयार होती. कडेनं लाडू, मग करंज्या, शंकरपाळ्या, शेव, चिवडा, आणि मधोमध चकल्यांसाठी मोकळी जागा. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खाट टाकून, हात गळ्यात अडकवून, न्यायाधीशासारख्या बसल्या होत्या. मी कढत तेलाचं मोहन घातलं, पीठ मळलं, सोऱ्यात भरलं आणि दाबलं. चकलीऐवजी तुकडे पडले. पाणी लावून परत मळलं. तुकडेच. तेलात सोडलेली एक तर विरघळून कढईभर पसरली.

"आत्या, काय चुकलं हो?" मी सासूबाईंना विचारलं.

"दाखीव पीठ." त्यांनी डाव्या हातानं चिमूट घेतली, हुंगली, जिभेवर ठेवली. "आगं, ही थालीपिठाची भाजणी हाय! बाजरी हाय यात! चकलीत बाजरी कवापासनं घालाय लागलो आपण?"

घोटाळा बादलीचा होता. आमच्या गावात अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी रांजणगावला कंपनीत आहे आणि तिथल्या रिकाम्या, निळ्या झाकणाच्या पांढऱ्या बादल्या प्रत्येक घरात आहेत. गिरणीत दिवाळीच्या गर्दीत अशा पंधरा बादल्या रांगेत. ओळख म्हणून नुसती चिठ्ठी चिकटवलेली. आमची चिठ्ठी पडली होती, आणि मी दौंडकरीण, वरवर बघून जी मिळाली ती घेऊन आले होते.

मी पिठाच्या हातांनी पळत सुटले, घरोघरी बादल्या उघडून बघत. एका घरी तशीच बिनचिठ्ठीची बादली सापडली, पण तिच्यात गव्हाचं पीठ. मागच्या आळीतल्या चुलत जाऊबाईंकडं आमची बादली निघाली आणि त्या तिच्यातल्या पिठाची थालीपिठं थापत होत्या. "म्हणलं आज थालीपीठ कुरकुरीत कसं लागतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेकीनं दोन खाल्ली होती आणि तिसरं मागत होती. बादली उचलून मी माघारी पळाले. येताना ऐकू आलं, भावकी चौथ्या घरात शिरली होती.

नवरा थर्ड शिफ्ट करून नुकताच येऊन आडवा झाला होता. मी त्याला गदागदा हलवलं. "उठा आणि त्यांना थांबवून धरा."

"कसं थांबवू? वाटंत झोपू का?"

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "सोसायटीच्या निवडणुकीचं काढ."

तो चुरगळलेल्या शर्टातच गेला आणि चौथ्या घरात बसून त्यानं भोळेपणानं विचारलं, "आप्पा, यंदा सोसायटीला कुणाला उभं करायचं?" एवढंच. पुढचं त्याला काही करावं लागलं नाही. आमच्या अंगणापर्यंत आवाज येऊ लागले. गेल्या वेळी कुणी कुणाला पाडलं, कुणाचा अर्ज कुणी काढायला लावला, सगळं निघालं. त्या घरच्या बाईंनी तीनदा चहा टाकला, असं मागाहून कळलं. त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

इकडं सासूबाई आवाजावरून तळण चालवत होत्या. "आच कमी कर. बुडबुडं थांबलं का? आता उलट. काटा आलाय का?" आला होता! चकलीवर सुरेख काटा आला होता. मी एकटीच "आला, आला!" करत नाचले आणि झाऱ्यातलं तेल पायावर सांडलं. तरी नाचले. परातीचा मध्य भरत आला, तोच ओसरीवर चपलांचा ढीग पडला.

आप्पा म्हणजे सासूबाईंचे चुलत दीर, भावकीत पहिला मान त्यांचा. भांडून भांडून त्यांना चांगलीच भूक लागली होती. त्यांनी चकली मोडली, खाल्ली, डोळे मिटले. "वहिनी, हात मोडला तरी चव तीच बघा तुमची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाई खाटेवर हसल्या. मी दुसरं ताट घेऊन दारात उभी होते. झालं, मनात म्हटलं. आत्यांनी आता नुसतं हसून घेतलं की मी जन्मभर शंकरपाळ्याच कापणार.

"आप्पा, तुम्हाला डोळं न्हाईत व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "माझा हात गळ्यात हाय. मी नुसती वराडत बसले. पीठ तिनं मळलं, सोऱ्या तिनं दाबला, तळल्या तिनं. सुनंच्या हातच्या हायेत ह्या. आन् माझ्या हातानं कवा एवढा काटा आला न्हाई."

वीस माना माझ्याकडं वळल्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळाला तेल. मी ताट कुणाच्या तरी मांडीवर ठेवलं आणि आत पळाले. कढईत विसरलेला शेवटचा घाणा पार कोळसा झाला होता. मी पाटावर बसून त्यातली एक कडू चकली खाल्ली, हसत आणि रडत, आणि बाहेरून सासूबाईंची हाक आली, "आण गं अजून, आप्पा मागत्यात!" माझ्याकडं काळ्या सोडून एकही उरली नव्हती.