मिक्सरच्या बोर्डाचा जोड

खंडेनवमीला आमच्या चाकणच्या कंपनीत घरच्यांना आत यायची मुभा असते. मशीनला झेंडूची माळ, हळदीकुंकू, चपला दाराबाहेर. यंदा मी आईला घेऊन गेलो. गाड्यांच्या वायरी जोडायचं कंपनीचं काम, आणि ते जोड ओढून बघायचं माझं. ओढल्यावर जो सुटतो तो मी परत पाठवतो. पाठवताना दोन शब्द सुनावतोही. लाइनवरचे मला टरकून असतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

आईसमोर मला जरा चेवच आला. लाइनवरचे काही जण पेढे खात उभे होते. मी एक कनेक्टर हातात घेऊन तिला समजावू लागलो. तांब्याच्या सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत, एकही बाहेर डोकावता कामा नये. जेवढा करंट, तेवढा झेपणाराच कनेक्टर घ्यायचा. पाण्याजवळ असेल तर बंद झाकणाचा. "नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणाऱ्याला मी या दारात उभा करणार नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

आई मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "आपल्या मिक्सरच्या बोर्डाला तू पीळच दिलाय नव्हं? हात लावला की करंट मारतोय. मी आपली लाटण्यानं बटन दाबते."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जाणकार समोर आहे तर विचारून घ्यावं, एवढंच. सगळे हसले. "काय राव, दिव्याखाली अंधार," एक जण म्हणाला. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती. मागे एकदा म्हणाली तेव्हा मी जेवता जेवता खेकसलो होतो, "तुझे हात ओले असतील." त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

पिंपळे गुरवला घरी आल्या आल्या मेन स्विच बंद करून मी बोर्ड उघडला. माझाच टेप सुटून लोंबत होता आणि उघडी तार बोर्डाच्या पत्र्याला टेकली होती. परक्यांच्या गाड्यांचे जोड मी दिवसभर ओढून बघतो, आणि आई रोज सकाळी या पत्र्यासमोर उभी राहून चटणी वाटत होती. लाजेनं तिच्याकडे बघवेना.

दुकानात जाऊन झाकणाचा, घट्ट स्क्रूचा कनेक्टर आणला. अर्थिंगची वायरही नवी टाकली. जोड कंपनीत ओढतो त्याहून जोरानं ओढून पाहिला, मेन चालू करून पत्र्याला टेस्टर लावला.

"आता हातानं दाब. काही होत नाही."

"बरं," ती म्हणाली.

सकाळी मिक्सरचा आवाज आला म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो. तिच्या हातात लाटणं होतं. मला बघून तिनं ते पदराआड केलं.