विहीणबाईंना आणायला न्युरेम्बर्गला

सातवी शिकलेल्या माणसाने परदेशात एकट्याने रेल्वेत बसू नये, असं माझं ठाम मत होतं. पण जर्मनीत इंगोलश्टाटला मुलाकडे असताना नात नियाला ताप आला, सून तिच्यापाशी थांबली, मुलाला कारखान्यातून सुट्टी मिळेना, आणि वेल्सहून येणाऱ्या विहीणबाईंना न्युरेम्बर्गहून आणायला मीच उरलो. लग्न कचेरीत सह्या करून झालेलं, त्यामुळे आम्ही व्याही-विहीण कधी भेटलोच नव्हतो. त्यांना इंग्रजी येतं, मला नाही. पहिल्याच भेटीत माझं काही चुकलं तर ते माझ्या सुनेला, मेगनला, जन्मभर ऐकावं लागेल, ही धास्ती.

त्यांची वेल्श भाषा मात्र थोडी येत होती. मेगन लेकीशी तीच बोलते. नियाला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. वेल्शमध्ये सांगितलं की मुकाट ऐकते, म्हणून मी शिकलो. पहिल्या दिवशी वही काढली, तर मेगनने ती उचलून फ्रीजवर ठेवली.

"बाबा, लिहायचं नाही. आधी तोंड, मग हात."

तिचं हे मराठी माझ्या मुलाने शिकवलेलं. दोन महिन्यांत एकही अक्षर न पाहता मी बोलू लागलो.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बायर्न-टिकेट, म्हणजे तिथलं दिवसभराचं स्वस्त तिकीट, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतं, आणि त्यावर स्वतःचं नाव पेनाने लिहावं लागतं. मी तीन पेनं नेली. प्रवास पाऊण तासाचा, त्यातला बराच बोगद्यांत. अंधारात मनातल्या मनात वाक्यं घोकली, तेव्हा लक्षात आलं. मला येत होतं ते सगळं तीन वर्षांच्या पोरीला सांगायचं. हात धू. सावकाश. रडू नको.

न्युरेम्बर्गला विहीणबाई फोटोवरून ओळखल्या: बुटक्या, हातात जड बॅग. मी नमस्कार केला. त्या बरंच काही बोलल्या, मला ओ की ठो कळलं नाही. फलाटावर बोचरा वारा, आणि कोट त्यांच्या हातावर. माझ्या तोंडून निघून गेलं, "ग्विस्गा दी गॉट." कोट घाल.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. बॅग खाली ठेवली, कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. जिन्यावर मी म्हणालो, "आराव, आराव." म्हणजे सावकाश. त्या सावकाश उतरल्या. बाकावर मी ब्रेत्सेल, मीठ लावलेला पाव, पुढे केला आणि हात धुवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले आणि हसत सुटल्या. मग खाताना माझ्या मिशीतलं मीठ दाखवून वेल्शमध्येच म्हणाल्या, "तोंड पूस." हे मला लगेच समजलं.

गाडीत त्या माझ्यासमोर बसल्या. जरा वेळाने हळूच विचारलं, "निया वेल्श बोलते?"

"दा याउन," मी म्हणालो. छान बोलते. जर्मनचं काढलं नाही.

त्यांचे डोळे भरले. त्यासाठीही माझ्याकडे वाक्य होतं. ते मी वापरलं.

आता बार्शीला परत आलोय. मेगनने वेल्श अक्षरांचा तक्ता अखेर पाठवला. परवा विहीणबाईंचं कार्ड आलं. नुसतं बघून काहीच ओळखीचं वाटेना. तक्ता शेजारी धरून मोठ्याने वाचलं, तेव्हा ऐकू आलं: कोट घाल. बाहेर बेचाळीस डिग्री.

उत्तर लिहायला सकाळ गेली. एकच ओळ: हात धुतले. चुकलं असणार. मेगनला फोटो पाठवून विचारणार होतो. पण न विचारताच टपालपेटीत टाकून आलो.