ह्यांच्या नावाचा अंगठा

आमच्याकडे तेव्हा नवरा-बायकोचं मोबाईलवरचं खातं एकच असायचं. दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. नाव नवऱ्याचं, फोटो दोघांचा. बायकोने वेगळं खातं उघडलं तर तिला चूलही वेगळी मांडायची आहे, असा अर्थ निघायचा. आमच्या खात्यावर ह्यांचं नाव होतं आणि बोदलकशाच्या तलावावरचा फोटो. त्यात हे हसताहेत आणि मी उन्हामुळे कपाळाला आठ्या घालून उभी आहे. खातं काढलं होतं ह्यांच्या अर्जुनीतल्या कृषी केंद्रासाठी, धानाच्या बियाण्याची जाहिरात करायला. ती जाहिरात फार तर एकदोनदा झाली. बाकी सगळा सोयऱ्याधायऱ्यांचा बाजार.

खात्यावरच्या मित्रांच्या यादीत कोण नव्हतं ते विचारा. लग्नाचं निमंत्रण देताना एक घर सुटलं तर आमच्या समाजात तीन पिढ्या ऐकवतात. ह्यांनी तोच नियम तिथेही लावला. मामेसासऱ्यांच्या साडूचा मुलगा आला, घेतला. नणंदेचा दीर आला, घेतला. "सोयऱ्याले नाही म्हनता येते का?" हे म्हणायचे. दारात आलेल्याला पाणी द्यावं, तसं चाललं होतं. पाणी प्यायला आलेला माणूस थेट स्वयंपाकघरात ठाण मांडून बसेल, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, दोष ह्यांच्यात आहे. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज घरात कुणाला माहीत नव्हती. सासूबाईंचे टोमणे मी ऐकून घेत होते, डोहाळजेवणाला मला कुणी बोलवत नव्हतं, तेही सोसत होते. हे सगळं ह्यांना दिसत होतं. म्हणूनच असेल, एकदा जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, "धान कापनं झालं का नागपूरले जाऊ. एक संस्था आहे. लेकरू देते म्हनते." मी वरण वाढत होते, ते ताटाबाहेर सांडलं. मुलगीच आणायची, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नावही ठरवलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी हे जेवून डुलकी काढायचे तेवढा वेळ फोन माझा. मी रांगोळ्या बघायची, भरल्या वांग्यांची कृती बघायची. आवडलेल्या गोष्टीखाली अंगठा दाबायची. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडतात ना, तसाच हा अंगठा असतो, आपली खूण आपल्यापुरती, असं मी धरून चालले होते. ह्यांच्या नावाने रांगोळ्यांना आणि वांग्यांना अंगठे जात होते आणि ते बघून गोंदियापर्यंतचे सोयरे हसत होते, हे मला फार उशिरा कळलं.

मग मी दत्तक घेणाऱ्यांचं एक पान शोधलं. तिथे एका बाईने विचारलं होतं, "दोष नवऱ्यात आहे. मूल आणताना घरच्यांना काय सांगायचं?" तो माझाच प्रश्न होता. खाली लोकांनी भरभरून उत्तरं दिली होती, पण तेवढ्यात हे कूस बदलायला लागले. उद्या सापडावं म्हणून मी अंगठा दाबला आणि फोन उशाशी ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिरोड्याला लग्न होतं. बायकांच्या पंगतीत चुलत जाऊ माझ्या शेजारी बसली. पोळी मोडता मोडता म्हणाली, "काऊन वो, भाऊजीमंदी दोष आहे म्हनते? मोबाईलवर त्याईच्याच नावानं येऊन राहिलं." आणि तिने फोन पुढे केला. त्या बाईचा प्रश्न, वर ह्यांचं नाव, बाजूला बोदलकशाचा फोटो. जाऊ वाईट नव्हती. तिला फक्त बातमी मिळाली होती. पंगतीतल्या सगळ्या बाया जेवायच्या थांबल्या. पुरुषांच्या बाजूला पाहिलं तर हे अर्ध्या ताटावरून उठून एकटेच हात धुवत उभे होते.

एस.टी.ने आम्ही परत आलो. बातमी आमच्याआधी घरी पोचलेली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या. "खरं काय आहे?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"तिनं दाबलं ते," हे म्हणाले. "दोष तिच्यात आहे. म्हनून ते पाहत राहते."

मी समोरच उभी होते. मला राग आला नाही, किळस आली. एका वाक्यात सगळं खरं-खोटं करता आलं असतं, रिपोर्ट कपाटातच होता. पण ह्यांचा चेहरा असा झाला होता की मी कपाट उघडलंच नाही. त्या रात्री ह्यांनी खातं बंद केलं. साप गेल्यावर भुई धोपटतात, तसं.

धान कापून झालं, विकूनही झालं. नागपूरचं नाव निघेना, तेव्हा मीच विचारलं. हे म्हणाले, "आता लेकरू आनलं का लोक म्हनतीन, पाहा, खरंच होतं." मग म्हणाले, "तुले कळत नाही का?" कळत होतं. आमची मुलगी आता ह्यांच्या दोषाचा पुरावा झाली होती. असला पुरावा कोण घरात आणतं? मी पुढच्या वर्षी विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही विचारलं. मग वयं निघून गेली.

पुढे भाचीने दाखवलं, कोणाला काय दिसावं ते आपल्याला ठरवता येतं. कुलूप होतं म्हणजे. घर धुऊन नेल्यावर किल्ली मिळाली.

आता माझं वेगळं खातं आहे, त्यावर झेंडूचा फोटो लावलाय. ते पान मी अजून बघते. बाया आपापल्या लेकरांचे फोटो टाकतात, शाळेच्या गणवेशातले, दात पडलेले. मी कशालाच अंगठा देत नाही. परवा दुपारी अशीच एका मुलीचा फोटो बघत होते, तर शेजारी पडलेल्या ह्यांनी डोळे न उघडता विचारलं, "का पाहून राहिली?"

"साड्या," मी म्हटलं.

 हे भिंतीकडे कूस वळवून म्हणाले, "चांगली असंन तं घे एखादी."