प्रार्थनेचा विषय

मुकुंदवाडीत कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळला की पहिला निरोप डॉक्टरला जातो आणि दुसरा केसरबाई त्रिभुवनला. खासगी दवाखान्यात आयाचं काम करण्यात केसरबाईचं उभं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर माणसानं जरा पाय पसरून बसावं की नाही? पण छे. सकाळच्या भाकरी थापून झाल्या की बाई पदर खोचून निघालीच. कुणाचं अंग पुसून दे, कुणाची नखं काढ, कुणाची कूस बदल. चहा दिला तर प्यायची, बाकी काही द्यायला गेलं तर डोळे वटारायची. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मी तर नुसत्या पाठी पुसते, असं तिचं म्हणणं.

तिचा एक नेम होता, आधी पाणी, मग प्रार्थना. ओल्या चादरीत पडलेल्या माणसापुढं डोळे मिटून उभं राहणं तिला पटायचंच नाही. आधी त्याला कोरडं करायचं, मग घरच्यांना विचारून दोन शब्द बोलायचे. नको म्हणाले तर नको. तिला त्याचा राग यायचा नाही.

आता अशा बाईचं चुकलं कुठं ते ऐका.

गल्लीच्या टोकाला पारूबाई राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या, अर्ध्या वस्तीला त्यांनी मुळाक्षरं शिकवलेली आणि तितक्यांचेच कान पिळलेले. इस्त्रीच्या साडीशिवाय दारातसुद्धा यायच्या नाहीत. त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं तेवढं राहिलं. मुलगा अभय शेंद्र्याच्या कंपनीत, घरात सून सुलेखा. सून गुणाची, पण तिचा हात लागला की पारूबाई दात आवळून घ्यायच्या. अंग पुसायला, कपडे बदलायला त्यांना फक्त केसरबाई चालायची. घर बौद्ध. प्रार्थना नको, असं पारूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि केसरबाईनं मान डोलावली. पुढं दोघींचं चांगलं जमलं. चादर ओली झाली की पारूबाईंना रडू यायचं, अगदी लेकरासारखं. ते रडणं सुलेखानंही कधी पाहिलं नव्हतं, केसरबाईनं पाहिलं होतं.

चर्चच्या महिला मंडळाची शुक्रवारी दुपारी सभा भरते. तिथं गाणी झाली की प्रत्येकीनं प्रार्थनेचा विषय सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची, अशी रीत. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. त्या शुक्रवारी केसरबाई उठली आणि पारूबाईंचा विषय सांगून बसली. नाव घेऊन, अंथरुणाचं, चादरीचं, रडण्याचं, सगळं. मनात काडीचं वाईट नव्हतं हो! बायकांनी डोळे पुसले आणि मनापासून प्रार्थना केली.

मंडळातल्या मुक्ताबाईला तर राहवेना. ती दुसऱ्याच दिवशी पपई घेऊन पारूबाईंना भेटायला गेली. तिथं पारूबाईंच्या शाळेचे जुने हेडमास्तर आप्पासाहेब बसलेले. मुक्ताबाईचा आवाज आधीच मोठा. ती म्हणाली, बाई, अंथरुणात होतं त्याची लाज धरू नका, रडू तर मुळीच नका, आम्ही सगळ्याजणी प्रार्थना करतोय. आप्पासाहेब खाली बघत बसले. पारूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. लोक गेल्यावर त्यांनी सुलेखाला एवढंच सांगितलं की केसरबाईला खोलीत येऊ द्यायचं नाही.

सुलेखाकडून हे कळल्यावर केसरबाईनं आधी मुक्ताबाईच्या नावानं बोटं मोडली. दिवसभर मोडली. रात्री जेवायला बसली, तेव्हा कळलं की मुक्ताबाईनं फक्त पपई नेली होती, बाकीचं सगळं आपण पुरवलं होतं. तिला स्वतःची लई शरम वाटली.

पुढच्या शुक्रवारी मंडळात आपला गुन्हा कबूल करायचा, असं ठरवून ती गेली. उठून उभीही राहिली. पण कबूल करायचं म्हणजे काय सांगायचं? पुन्हा तीच चादर, पुन्हा तेच रडणं. ती तशीच खाली बसली. बायकांनी विचारलं, पारूबाई कशा आहेत? ती म्हणाली की आज माझा विषय नाही. केसरबाईचा विषय नाही म्हटल्यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

मग ती पारूबाईंच्या ओट्यावर जाऊन दाराच्या पडद्याला हात न लावता म्हणाली, "बाई, मी लई मोठी चूक केली. माफी मागाया आले." पडदा हलला नाही, तशी ती घरी परतली. दुसऱ्या दिवशी सुलेखा रडवेली होऊन तिला गाठायला आली. आई अंगाला हात लावू देत नाहीत, कमरेखाली लाल झालंय, मावशी काय करू?

केसरबाई ओट्यावर बसली आणि बाहेरून सांगायला लागली. डाव्या कुशीवर घे. गुडघ्यांत उशी दे. पाणी कोमट कर. घासू नको, टिपून घे. हात भरभर चालव, पण घाई दाखवू नको. सुलेखा आत करत राहिली. पारूबाई हूं की चूं करत नव्हत्या, पण दातही आवळत नव्हत्या. हे रोज चाललं. येणारे-जाणारे विचारायचे, बाहेर का बसलीस गं? ती म्हणायची, ऊन खाते. तेही भर उन्हाळ्यात, बोला! लाली हळूहळू उतरली. केसरबाईला पारूबाईंचं तोंड काही दिसलं नाही.

एक दिवस सुलेखाला खुलताबादला माहेरी जावं लागलं, वडील आजारी होते. अभयनं रजा काढलेली, पण ऐन वेळी कंपनीतून बोलावणं आलं. मावशी, ओट्यावर बसा, मी जाऊन येतोच, म्हणत तो गेला.

थोड्या वेळानं पडद्याआडून वास आला. केसरबाईला काय ते कळलं. हात शिवशिवायला लागले. उतरलेली लाली पुन्हा चढेल, तेही दिसत होतं. आत चार पावलांवर माणूस घाणीत पडलंय आणि आपण बाहेर बसलोय, असं तिच्या आयुष्यात घडलं नव्हतं. तिला उठून धावावंसं वाटलं. पण एकदा न विचारता त्यांना चव्हाट्यावर नेलं, आता न विचारता उंबरा ओलांडायचा? तिनं ओट्याची कड घट्ट धरली आणि मनातल्या मनात प्रभूला म्हणाली, तूच सांग त्यांना, माझं त्या ऐकायच्या नाहीत.

बराच वेळ गेला.

"केसरबाई, हायेत का तुम्ही?"

"हाय, बाई."

"अजून कोण हाय बाहेर?"

"कुणी नाय."

"मग या. दार लावून घ्या."

केसरबाई आत गेली. तिनं दार लावलं, पाणी गरम केलं, आणि पुढचं सगळं तिच्या हातांनी आपोआप केलं. पारूबाई रडल्या नाहीत, छताकडं बघत राहिल्या. कोरडी चादर ताणून झाली, साडी नीट झाली, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं केसरबाईचं मनगट धरलं.

"आता हे कुणाला सांगाल?"

केसरबाईचे डोळे भरून आले. "ज्याला आधीच म्हाईत हाय, त्याला."

मनगट त्यांनी सोडलं नाही.

"सांगा मग," त्या म्हणाल्या. "पण हळू सांगा."

केसरबाईनं डोळे मिटले. ओठसुद्धा हलवले नाहीत.