कार्डांचे कपाट आणि एक वर गेलेला हात

माझा मित्र गेला त्याला दोन महिने झाले. शोकसभेत मला बोलायला सांगितले, तेव्हा मी हात जोडून नकार दिला. लोकांना वाटले, मला गहिवरून आले आहे. ते खरे होते, पण तेवढेच नव्हते.

मी नाशिकमधल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. तो शाळेत भूगोल शिकवायचा. सत्तरच्या दशकापासून दर रविवारी संध्याकाळी आम्ही गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जायचो आणि घाटाच्या पायरीवर बसून आठवडाभराचा वैताग बाहेर काढायचो.

"काय पंडित, आज कोणावर?" तो विचारायचा.

थुंकी लावून पाने उलटणारे, रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारे, आमच्या सूचनाफलकावर खळीने उमेदवाराचे पोस्टर डकवणारे, ही माझी माणसे. त्याची वेगळी. "झेंडावंदनाला पुढारी येतो. दोनच शब्द बोलतो म्हणतो. पोरं उन्हात चक्कर येऊन पडतात, तरी दुसरा शब्द काही येत नाही!"

एका गोष्टीबद्दल मात्र मी थट्टा करत नसे. ती म्हणजे कार्डांची कपाटे. अकरा वर्षे खपून मी प्रत्येक पुस्तकाचे कार्ड हाताने लिहिले होते. मागच्या बाजूला, आत काय काय सापडेल ते. देवळ्याहून एसटीने येणारे एक शिक्षक म्हणायचे, "तुमच्या कार्डांमुळे माझी परतीची गाडी चुकत नाही."

ऐंशीचे दशक संपत आले होते. वाचनालयाच्या निवडणुकीत एका पुढाऱ्याचे पॅनेल आले. त्यांच्या बाहेरचा एकटा माझा मित्र निवडून आला. मीच त्याला आग्रहाने उभे केले होते, त्याच्यासाठी सभासदांची दारे फिरलो होतो.

नव्या अध्यक्षांना संगणक हवा होता, कारण उद्घाटनाला मंत्री आणता येणार होते. मंत्री आले, गेले. संगणक माझ्या टेबलावर राहिला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, तीही इंग्रजी. प्रत्येक पुस्तकाची खरेदीची तारीख तो मागायचा आणि ती दिल्याशिवाय पुढच्या रकान्यात जाऊ द्यायचा नाही. देणगीत आलेल्या पुस्तकांची तारीख कुठून आणायची? रकाना मोकळा ठेवला की टूं करून ओरडायचा. एकदा दुपारभर भरलेली पुस्तके एका चुकीच्या कळीने नाहीशी झाली. शिकवायला येणारा माणूस म्हणाला, "टाका हो काका कुठलीही तारीख. त्याला काय कळतंय?" कार्डामागच्या मजकुराला तर त्यात जागाच नव्हती.

मग मंडळापुढे ठराव आला : कार्डांची कपाटे मोडीत काढावीत आणि त्या जागी अध्यक्षांसाठी खोली करावी. आदल्या रविवारी मित्र म्हणाला होता, "मी बसलोय ना तिथे. तुझ्या एका कार्डाला हात लागू देणार नाही."

सभेत मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसलो होतो. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले. त्याचा हात वर गेला. अर्धवट, कचरत नव्हे, सरळ. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. मी लिहिले, 'ठराव एकमताने मंजूर.' पुढच्याच बैठकीत तो कार्यवाह झाला. कपाटे हातगाडीवरून गेली. मी त्याला काही विचारले नाही आणि रविवारी घाटावर जाणेही सोडले.

काही महिन्यांनी एका दुपारी तो काउंटरपाशी आला. वाचनालयात दुसरे कोणी नव्हते.

"नद्यांच्या पुरांवरचं ते जाड पुस्तक होतं ना, कुठे असेल रे?"

मला ठाऊक होते. आतल्या खोलीत, खिडकीखालच्या फळीवर. मी संगणकाकडे बोट दाखवले.

"यात बघा. आता सगळं यातच आहे."

आमच्यात अहो-जाहो कधीच नव्हते. तो संगणकापुढच्या खुर्चीवर बसला. एका बोटाने कळा दाबू लागला. यंत्र दर वेळी ओरडे.

"अरे, तू सांग ना," तो हळू म्हणाला.

मी वर्तमानपत्रे लावत राहिलो. तो बराच वेळ बसला. शेवटी चष्मा खिशात ठेवून उठला.

"येतो," म्हणाला. "त्रास दिला तुम्हाला."

त्यानंतर शेवटपर्यंत तो मला तुम्हीच म्हणत राहिला.